बातमी कोणाची, कधीची आणि कोठली?

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत सभासदांच्या घरी रोज उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख असावा, असे ठरले तेव्हा आम्ही पुष्कळ विषय मनाशी घोळवून पाहिले. शेवटी ज्या गोष्टीने आज लहानथोरांचा सर्वांत अधिक वेळ व्यापला आहे, आणि जिच्याविषयी घरात शांतपणे बोलणे मात्र क्वचितच होते, तिच्याकडेच वळलो. ती गोष्ट म्हणजे हातातल्या मोबाईलवर अहोरात्र येत राहणारी माहिती.

रामाकोन्यातील जुन्या मंडळींना आठवत असेल की नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी येथे थांबत असे. २०१५ च्या अखेरीस रुळांच्या रुंदीकरणासाठी ती बंद झाली. त्या काळी बाहेरगावची बातमी यावयाची ती गाडीने, मोटारीने किंवा कोणा पाहुण्याच्या तोंडून. नागपूरचे एखादे वर्तमानपत्र दहा घरी फिरे, आणि ते हातात पडेपर्यंत शिळे झाले असले तरी त्यावर तारीख छापलेली असे, संपादकाचे नाव असे, बातमी कोणत्या गावाहून आली तेही पहिल्याच ओळीत असे. वर्तमानपत्रात चुका होत नसत असे आमचे म्हणणे नाही. परंतु चूक झाली तर ती कोणी केली हे शोधता येत असे.

आता याच्या उलट स्थिती आहे. एके सकाळी आमच्यापैकी एकाच्या मोबाईलवर येणारे संदेश मोजावयास आम्ही बसलो आणि दुपारच्या आत तो नाद सोडून दिला. सुप्रभातीची फुले, संत्र्याचा भाव, गुडघेदुखीवर रामबाण काढा, बँक खाते बंद होणार असल्याची धमकी, कोणाच्या तरी निधनाची वार्ता, पुन्हा सुप्रभात. यांतले सगळे खोटे नव्हते. पुष्कळसे खरेच होते, पण कोणाचे, कधीचे आणि कोठले हे त्यावरून खरवडून काढलेले होते. खरे-खोटे करण्याआधी हे तीन प्रश्न विचारावेत, कारण त्यांची उत्तरे मिळाली की खऱ्या-खोट्याचा निकाल बहुधा आपोआप लागतो. या लेखात तेवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.

आधी ‘कोठली’ हा प्रश्न घेऊ. तो आपल्याइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच पडत असेल. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाचीच राजधानी होती. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपला सौंसरचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. आपली बोली, लेकी-सुना, दवाखाना आणि बाजारहाट नागपूर-काटोल-नरखेडकडची. सरकार मात्र भोपाळचे, आणि त्याचे हुकूम हिंदीत. त्यामुळे मराठीतून जे आपल्याला सहज समजते ते पुष्कळदा दुसऱ्या राज्याचे असते, आणि जे आपल्याला लागू असते ते दुसऱ्या भाषेत असते.

याचे ताजे उदाहरण भगिनींच्या मासिक मदतीचे आहे. मध्य प्रदेशाची ‘लाडली बहना’ योजना २०२३ मध्ये दरमहा १००० रुपयांनी सुरू झाली. त्याच वर्षी ती रक्कम १२५० झाली व नोव्हेंबर २०२५ पासून १५०० करण्यात आली. महाराष्ट्राची ‘लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ पासूनची, १५०० रुपयांची आणि केवळ महाराष्ट्रातील रहिवासी स्त्रियांसाठी. नावे जुळी बहिणींसारखी, पण अटी, कागदपत्रे आणि मुदती निराळ्या. काटोलच्या मामांनी आपल्या गटावर ‘ई-केवायसी करा, नाहीतर हप्ता बंद’ असा संदेश पाठविला की इकडच्या भाचीच्या पोटात गोळा येतो, आणि ती कोणत्या तरी दुव्यावर आधार क्रमांक भरून मोकळी होते. मामांचा संदेश त्यांच्या राज्यापुरता खरा असेलही, पण भाचीच्या तो कामाचा नव्हता. तीच गोष्ट कर्जमाफीची आणि पीकविम्याची. संदेशात ‘सातबारा’ हा शब्द दिसला तरी सावध व्हावे. आपल्याकडे जमिनीचा कागद म्हणजे खसरा आणि बी-१.

‘कधीची’ हा प्रश्न तर आपल्या गावाच्या पत्त्यालाच चिकटलेला आहे. संगणकावर रामाकोना शोधले तर पुष्कळ ठिकाणी अजून ‘जिल्हा छिंदवाडा’ असे आढळते. २०११ च्या जनगणनेतही तसेच आहे, आणि ते त्या काळापुरते बरोबरच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून आपण त्या जिल्ह्याचे. स्वतःच्याच गावाविषयी जर शिळी माहिती इतकी वर्षे टिकून राहते, तर औषध, भाव आणि कायदा यांच्याविषयी किती टिकत असेल!

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांला भाग आहे. एका हरवलेल्या मुलीचे छायाचित्र आमच्याकडे आले. खाली वडिलांचा फोन क्रमांक होता आणि ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ अशी विनवणी होती. मनाला लागले, आणि आम्ही ते चार-पाच गटांवर पाठविले. संध्याकाळी एका वहिनींनी विचारले, “तुम्ही त्या क्रमांकावर फोन करून पाहिला का हो?” आम्ही केला नव्हता. केला तेव्हा वडिलांनी थकल्या आवाजात सांगितले की मुलगी दुसऱ्याच दिवशी सापडली होती, त्याला तीन वर्षे होऊन गेली; ती आता मोठ्या वर्गात आहे आणि शाळेतली मुले तिला अजून त्या छायाचित्रावरून चिडवतात. आम्ही क्षमा मागितली व त्या सर्व गटांवर दुरुस्ती पाठविली. मूळ संदेश पुढे पुढे गेला होता, दुरुस्ती मात्र कोणी पुढे नेली नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटले त्याकडे येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या शेजारी, परासिया भागात, साध्या सर्दीतापाने आजारी पडलेल्या लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊ लागले. पुष्कळांना नागपूरला हलवावे लागले. वीसहून अधिक मुले दगावली. त्यांत बहुतेक छिंदवाडा जिल्ह्यातील होती, पण पांढुर्णा व बैतूल या जिल्ह्यांतीलही होती. आरंभी कारण कळेना. पाणी तपासले गेले, डास-उंदरांपासून होणाऱ्या रोगांचाही शोध झाला. सप्टेंबरअखेर छिंदवाड्याच्या प्रशासनाने खोकल्याच्या दोन औषधांची विक्री थांबविली; त्यांतील एकाचे नाव कोल्ड्रिफ.

पुढचे तीन दिवस वाचकांनी नीट पाहावेत. ३ ऑक्टोबरला केंद्रीय आरोग्य खात्याने सांगितले की तपासलेल्या नऊ नमुन्यांत, म्हणजे केंद्राने तपासलेल्या सहांत व राज्याने तपासलेल्या तिनांत, डायएथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले नाही. इकडे औषध जेथे तयार होत होते त्या तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यातून तेथील औषध नियंत्रण खात्याने नमुने घेतले होते. त्यांपैकी कोल्ड्रिफच्या ‘एसआर-१३’ या बॅचमध्ये ते विष ४८.६ टक्के निघाले. चालू शकते ते प्रमाण ०.१ टक्का. ४ ऑक्टोबरला मध्य प्रदेशाने त्या औषधावर बंदी घातली, आणि १३ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या अशा तीन औषधांविषयी इशारा दिला. त्यांत कोल्ड्रिफ होतेच.

म्हणजे एकाच दोन दिवसांत ‘औषधात काही नाही’ आणि ‘औषधात विष आहे’ अशी दोन्ही वाक्ये अधिकृत मुखांतून निघाली आणि मोबाईलवर शेजारी शेजारी फिरली. पुष्कळांनी कंटाळून म्हटले की कोणावरच विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. आम्हांला हे पटत नाही. पहिले वाक्य नऊ नमुन्यांपुरते होते; दुसरे एका विशिष्ट बॅचविषयी होते व नंतरचे होते. ‘नऊ नमुन्यांत’ हे दोन शब्द ज्याने पुढे पाठवताना गाळले, त्याने वाचणाऱ्याला फसविले. मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला त्या घडीला कोणाच्या चलच्चित्रापेक्षा घरातल्या बाटलीवरची चिठ्ठी अधिक सांगू शकली असती: औषधाचे नाव, बॅच क्रमांक, बनविल्याची तारीख. ती औषध नियंत्रण खात्याच्या सूचनेशी ताडून पाहता येते. अर्थात मुलाची लघवी कमी झाली असेल तर ताडत बसू नये. मूल आणि बाटली दोन्ही घेऊन तडक मोठा दवाखाना गाठावा.

अधिक खोल जाणाऱ्यास असेही आढळेल की या विषाचा इतिहास जुना आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत एका पातळ औषधातून शंभरावर माणसे मेली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण गेले आणि त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने केली. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबियात अनेक मुले दगावली. आणि भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितले होते की क्लोरफेनिरामाइन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये व तसे चिठ्ठीवर छापावे. ही सूचना संकेतस्थळावर सर्वांना खुली होती. ती किती घरांपर्यंत पोचली? आमच्या घरी तर पोचली नव्हती, आणि त्याच काळात खोकल्यावरचे काढे मात्र रोज पोचत होते. फार माहिती आली म्हणजे उपयोगाची माहिती आली असे नव्हे, हे आम्ही त्या वेळी शिकलो, आणि फार उशिरा शिकलो.

‘कोणाची’ या प्रश्नाला एक तांत्रिक बाजू आहे. ती सोपी असूनही फारशी कोणी शिकवीत नाही. संकेतस्थळाचा पत्ता टपालाच्या पत्त्यासारखा वाचावा. पाकिटावर आधी नाव, मग गल्ली, मग गाव, शेवटी जिल्हा व राज्य असे असते; पत्र कोणत्या मुलखात जाणार हे शेवटच्या ओळीवरून ठरते. संकेतस्थळाच्या पत्त्यातही पहिली तिरपी रेघ येण्यापूर्वीचा शेवटचा भाग पाहावा. तेथे ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असेल तर ते सरकारी. परंतु ‘पीएम-किसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम’ असे असेल तर ते त्या ‘अमुक डॉट कॉम’चे, पुढचे सगळे दुसऱ्याच्या घरावर लावलेली सरकारी पाटी. आणि लग्नपत्रिका, वीजबिल किंवा हप्त्याची यादी म्हणून जर ‘एपीके’ नावाची फाईल आली तर ती मुळीच उघडू नये. पत्रिका ही चित्र असते, एपीके हा मोबाईलमध्ये बसविण्याचा कार्यक्रम असतो, आणि तो एकदा आत शिरला की बँकेचे ओटीपी परक्याच्या हाती जाऊ शकतात.

हल्ली प्रश्न विचारताच सुबक मराठीत उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रेही मुलांच्या हाती आली आहेत. त्यांचा उपयोग आम्हीही करतो. पण ती न ठाऊक असलेली गोष्टही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात, म्हणून ‘हे कोठे लिहिले आहे’ असे विचारून मूळ पान उघडून पाहिल्यावाचून त्यांवर भिस्त ठेवू नये.

इतके करण्याची गरज काय, असे कोणी म्हणेल. एखादा संदेश खोटा निघाला तर निघाला. अशा वेळी आम्हांला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा आठवते. साक्री तालुक्यातल्या त्या पाड्यात १ जुलै २०१८ रोजी बाजाराचा दिवस होता. सोलापूर जिल्ह्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक तेथे उतरले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वदूर पसरले होते. एका लहान मुलीशी कोणी बोलले एवढे निमित्त झाले आणि जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. ते भिक्षेकरी होते. मुले पळविणारे नव्हते. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेचा बोध करण्यासाठी बनविलेली होती. तिच्यात शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवितात. तेवढाच भाग कोणी तरी कापला होता. ‘कोठली’ हा प्रश्न एखाद्याने जरी वेळीच विचारला असता!

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अशा संदेशावर दोन बाण दिसतात. तो पाच किंवा अधिक हातांतून आला, इतकाच त्या बाणांचा अर्थ. तो खोटा आहे असे त्यावरून ठरत नाही. पण पाठविणारे काका त्याचे लेखक नाहीत हे मात्र नक्की कळते.

आणि काकांचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत अवघड गोष्ट येथेच आहे. मोबाईलवर चुकीचे येते ते बहुधा आपल्याच माणसांकडून, प्रेमापोटी. आत्याबाई मधुमेहाचा काढा पाठवतात तो भाच्याला बरे वाटावे म्हणून. सगळ्या गटासमोर ‘हे खोटे आहे’ असे धाकट्याने लिहिले की आत्याबाईंचा अपमान होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या ईर्ष्येने आणखी दोन काढे पाठवतात. हा अनुभव आमच्या घरचा आहे. आता आम्ही गटावर काही लिहीत नाही, फोन करतो. “आत्या, हे कोणी दिलं हो तुम्हांला? गोळी तर बंद नाही ना केली?” एवढे पुरते. बहुधा त्यांनाच ठाऊक नसते कोणी दिले ते, आणि त्या स्वतःच म्हणतात, “खोडून टाकते बापा.” मोठ्यांकडूनही आमची एक अपेक्षा आहे. नातवंडाने “आजोबा, ही तारीख तर जुनी हाय,” असे म्हटले तर ते उलट उत्तर समजू नये.

राहता राहिला पुराचा प्रश्न. सगळे वाचून पडताळणे कोणाला शक्य नाही, तेव्हा येणारेच कमी केले पाहिजे. आम्ही काही सभासदांनी मिळून असे केले: कुटुंबाचे व कामाचे दोन गट सोडून बाकीच्यांचा आवाज बंद केला, आणि ते सकाळ-संध्याकाळ एकेकदा पाहतो. रात्री जेवणानंतर मोबाईल कोनाड्यात. वर्तमानपत्र एकच, पण अथपासून इतिपर्यंत. पहिले आठ दिवस हात सारखा कोनाड्याकडे जाई, हे कबूल केले पाहिजे. काही राहून गेले असेल अशी भीती वाटे. जे महत्त्वाचे होते ते कोणी ना कोणी येऊन सांगितलेच.

पुढची पायरी म्हणजे गरज पडल्यावर जावयाची ठिकाणे आधीच ठरवून ठेवणे. संत्र्यावर फवारणी काय करावी हे आंबिया बहार गळू लागल्यावर चित्रफितींत शोधू गेले तर प्रत्येक फितीत वेगळे औषध निघते, आणि फीत पुष्कळदा औषध विकणाऱ्याचीच असते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि छिंदवाड्याचे कृषी विज्ञान केंद्र याच कामासाठी आहेत. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’, पीकहवामानासाठी हवामान खात्याचे ‘मेघदूत’ ही दोन मोबाईलवर ठेवावीत. भाव पाहताना तारीख, बाजार आणि मालाची प्रत ही तिन्ही पाहावीत. नुसता आकडा व्यापाऱ्याशी भांडण लावण्यापलीकडे काही करीत नाही. विद्यार्थ्यांना आणि आम्हां जिज्ञासूंना तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून निघू लागलेला मराठी विश्वकोश आता घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. त्याचा पहिला खंड १९७६ चा, तेव्हा जुन्या नोंदींतील आकडे जुने असणार हे ध्यानात ठेवावे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तेथील लेखाखालचे संदर्भ उघडून पाहावेत, आणि संदर्भच नसतील तर तो लेख दुसरीकडे ताडून घ्यावा.

भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी चिकटविण्यासाठी चार क्रमांक येथे देतो. मोबाईलवरून पैसे गेल्याचे कळताच, पहिल्या तासाभरात, १९३०. तातडीची कोणतीही मदत किंवा गावात अफवा उठली असेल तर ११२. मुलांविषयी १०९८. शेतीचा सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. ज्या सभासदांच्या घरी ही अक्षरे वाचण्याइतकी नजर राहिलेली नाही, त्यांना तरुण मंडळींनी मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत.